दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याने पोट कसं उतरवावं

गेली वीस वर्षं मी लोकांचे लॅब रिपोर्ट झेरॉक्स करतोय. मेडिक्लेमला दोन प्रती, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला एक, घरी फायलीत एक. कागद काचेवर पालथा घालताना आकड्यावर नजर जातेच. शुगर १८०, ट्रायग्लिसराइड ३००, ठळक अक्षरांत छापलेले. मनात म्हणायचो, बिचारा. मागच्या जानेवारीत त्याच काचेवर माझा स्वतःचा रिपोर्ट ठेवला. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.२. वय ४८, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८१. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस नाही अजून, पण उंबऱ्यावर उभे आहात." ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरा, ६.५ पासून पुढे घरात.

साताऱ्यात राजपथाच्या एका गल्लीत माझं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, कुरिअर. सकाळी साडेनऊला शटर वर, रात्री नऊला खाली. मधला सगळा वेळ स्टुलावर. जिमला जायला वेळ नाही आणि तिथल्या आरशांची भीती वाटते, हेही खरं. तेव्हा जे काही केलं ते दुकान सांभाळून. माझ्यासारखे गल्ल्यावर, मेडिकलमध्ये, शिलाई मशिनवर बसणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. एक आधीच सांगतो: शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, छातीत भरून येत असेल, गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या तशाच ठेवून जेवण एकदम कमी केलं तर साखर उतरून चक्कर येऊ शकते.

पहिलं काम कंबर मोजण्याचं. शेजारच्या टेलरकडून टेप आणला. पँटीचा नंबर सांगू नका, तो खोटा असतो. आपण पँट पोटाखाली बांधतो, त्यामुळे पोट कितीही वाढलं तरी "मी छत्तीसच" म्हणत राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, बहुतेकांची बेंबीच्या आसपास, टेप आडवा सरळ धरायचा, श्वास सोडायचा आणि पोट आत न ओढता वाचायचं. माझे भरले ९८ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांनी ९० च्या आत राहावं, बायकांनी ८० च्या. टेलर म्हणाला, "मी दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, शेठ. पण गिऱ्हाइकाला असलं बोलायचं नसतं."

त्याच आठवड्यात एक नर्सिंगची मुलगी प्रोजेक्टची प्रिंट काढायला आली. विषय नेमका माझाच. तिला विचारून एक पान जास्तीचं काढून ठेवलं. अमेरिकेत अशा उंबऱ्यावरच्या तीन हजारांवर माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००२ साली छापून आला. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं, असं लक्ष्य एका गटाला दिलं होतं. तीनएक वर्षांत त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. माझे सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो. वीस किलो उतरवायचं म्हटलं असतं तर मी रिपोर्ट फायलीत घालून विसरलो असतो. पावणेसहा किलो म्हणजे ए-फोर कागदाची अडीच रीमं (पाचशे कागदांचा गठ्ठा म्हणजे एक रीम). हे मला उचलून बघता येत होतं. बघितलंही.

आता वही. उधारीची वही माझ्याकडे असतेच, तिच्या मागच्या पानावरून उलटं लिहायला लागलो. दहा दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त तोंडात गेलेलं प्रत्येक काही वेळेसकट टिपायचं. चिमूटभर शेवसुद्धा. आज भरपूर खाल्लं म्हणून उद्यापासून लिहू, असं केलंत तर वहीचा काही उपयोग नाही. मला वाटत होतं माझा घोटाळा रात्रीच्या भातात आहे. वही म्हणाली, चहात.

दिवसाला सात चहा. प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चौदा चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर सत्तर ग्रॅम, महिन्याला दोन किलोच्या वर. नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, पंचवीसच्या आत राहिली तर उत्तम. आणि चार ते सातच्या दरम्यान खारी, टोस्ट, फरसाण. भूक नसायची, हात मोकळा असायचा एवढंच.

टपरीवरचा चहा कमी गोड करून मिळत नाही, पातेल्यातच साखर पडलेली असते. मी चहावाल्याला सांगितलं, सकाळी अकराचा आणि चारचा असे दोन बिनसाखरेचे माझ्यासाठी वेगळे उकळ, रुपया जास्त घे. पहिल्यांदा पोऱ्याने ग्लास ठेवताना "काढा आलाय" म्हणून हाक दिली. एकदम साखर बंद करायला जाऊ नका, मी तसं केलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोन पेढे खाल्ले. घरच्या चहात आठवडाभर दीड चमचा, मग एक, मग अर्धा, अशी उतरण ठेवली. महिन्यानं टपरीचा गोड चहा तोंडात घेववेना. अडचण आली ती पाहुणचाराची. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की चहा सांगायचा आणि आपणही घ्यायचा, हा रिवाज. त्यासाठी काउंटरवर ताकाची बाटली ठेवली. त्यांचा चहा, माझं ताक. कोणी रागावलं नाही. दोघातिघांनी उलट ताकच मागितलं.

व्यायामात मी सुरुवातीलाच आपटलो. रिपोर्ट आल्यावर थोड्याच दिवसांत रथसप्तमी. औंध आमच्याच जिल्ह्यातलं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार लावले आणि जन्मभर त्यांचा प्रचार केला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. शाळेत मीही पन्नास घालायचो. त्या जोरावर पहाटे गच्चीवर सतरंजी टाकली आणि पंचवीस घातले. शाळा सोडून तीस वर्षं झाली आहेत हे दुसऱ्या दिवशी संडासला बसताना कळलं. चार दिवस जिना उलटा उतरत होतो.

तेव्हा नमस्कार तीनपासून. संथ, एका नमस्काराला पाऊण-एक मिनिट. मागे पाय टाकताना उडी मारायची नाही, एकेक पाय न्यायचा. वाकताना गुडघे थोडे सैल सोडले तर कंबर धरत नाही. आठवड्याला एक वाढवायचा. बारापर्यंत यायला मला अडीच महिने लागले आणि मी तिथेच थांबलोय.

चालण्याचं सोपं आहे. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास. पहाटे पावणेसहाला चार भिंती नावाच्या टेकडीवरच्या जागेकडे जातो. चढ आहे, वारा आहे, आणि ओळखीचे इतके भेटतात की दांडी मारली तर दुपारी दुकानात येऊन विचारतात. वेग किती? सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागावा. रविवारी अजिंक्यतारा, डांबरी रस्त्याने. किल्ला शहरापासून साधारण तीनशे मीटर उंच आहे. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. उतरताना पावलं लहान टाका आणि टाचेवर आपटत येऊ नका. वर मंगळाईला हात जोडून, पाणी पिऊन, सावकाश खाली.

पण सगळ्यात जास्त फरक मला जेवणानंतरच्या बारा मिनिटांनी पडला असं वाटतं. जेवण झालं की रक्तात साखर चढायला लागते, आणि चालताना पायाचे मोठे स्नायू तीच साखर ओढून घेतात. पूर्वी मी जेवून स्टुलावर बसायचो आणि पाच मिनिटांत मान पुढे. आता डबा धुतला की शेजारच्या टेलरला "जरा लक्ष असू दे" म्हणून राजवाड्यापर्यंत जाऊन येतो. पेंग येत नाही. टेलरही आता मी आल्यावर निघतो, तेव्हा मी त्याच्या दुकानाकडे बघतो.

ताकदीसाठी माझ्याकडे रीमं आहेत. ७५ जीएसएमचं ए-फोरचं एक रीम २.३ किलोचं असतं. हा हिशोब कोणालाही करता येतो: ए-फोरचे सोळा कागद म्हणजे एक चौरस मीटर, तेवढ्याचं वजन ७५ ग्रॅम, त्यावरून पाचशे कागदांचं काढा. दहा रीमांचा खोका २३ किलोच्या वर जातो. दुपारी अडीच ते साडेतीन गिऱ्हाईक कमी, तेव्हा आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटं: एक रीम छातीशी कवटाळून स्टुलावरून उठायचं, बसायचं, दहा वेळा. बसताना धपकन नाही, स्टुलाला नुसता स्पर्श करायचा. मग काउंटरच्या कडेला हात टेकून तिरके जोर, दहा. मग दोन हातांत दोन रीमं डोक्यावर, दहा. थोडं थांबून पुन्हा एक फेरी. जमिनीवरचे जोर मला अजून पाचच येतात. खोका उचलायचा झाला तर कमरेतून वाकू नका. खोक्याला चिकटून खाली बसा, पोटाशी घ्या आणि मांड्यांच्या जोरावर उठा. कागदाची गाडी आली की पूर्वी मी पोऱ्याला हाक मारायचो, आता स्वतः उतरवून घेतो. पोऱ्याला अर्थातच हे पसंत आहे.

आता भाकरी. एप्रिलमध्ये थोरल्या मुलीच्या बाळंतपणासाठी बायको पिंपरीला गेली, दोन महिने. खानावळीचा डबा लावला. पोळ्या मऊसूत, भाजीवर बोटभर तेल. आठवड्यात पाऊण किलो वजन वर. मग ठरवलं, भाकरी आपण शिकायची.

पहिल्या दिवशीची भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत चार तुकडे. बायकोला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे ती, तिची विहीणबाई आणि अवघडलेली मुलगी, तिघी हसतायत. बायको म्हणाली, "पीठ कधीचं आहे?" महिन्याचं होतं. "अहो, त्याची विरी गेलीय. ताजं दळून आणा." गव्हाला असतो तसा चिकटपणा ज्वारीला मुळात नसतो, आणि पीठ जुनं झालं की होता तोही जातो. म्हणून ज्वारी दोन किलोच दळायची, आठ-दहा दिवसांत संपवायची. मी मंगळवेढ्याकडची शाळू आणतो, तिची भाकरी पांढरी आणि गोडसर होते.

माझी पद्धत आता अशी बसलीय. एका भाकरीला सत्तर ग्रॅम पीठ. कुरिअरच्या काट्यावर एकदा मोजलं, मग वाटीला खूण केली. पाण्याला आधण येऊ द्यायचं, चिमूट मीठ, आणि ते कडकडीत पाणी पिठाच्या मधोमध ओतून चमच्याने कालवायचं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो, सगळा खेळ त्यावर. हात लावता येईल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं रेटून मळायचं, लागेल तसा पाण्याचा हात घेत. दोन मिनिटं पुरतात असं वाटतं, पण चार लागतात. बोटानं दाबल्यावर कडेला चीर पडली नाही की झालं. एकाच भाकरीचा उंडा घ्यायचा, बाकीचं पीठ झाकून. परातीत कोरडं पीठ भुरभुरवायचं, उंडा ठेवायचा आणि बोटांच्या पेरांनी, मधून कडेकडे, थापायचं. भाकरी हातानं फिरवायची नसते, थापता थापता ती आपोआप फिरते. हे मला तीन आठवड्यांनी जमलं. तवा चांगला तापलेला. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा, सगळीकडे सारखा. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, तेव्हाच उलटायची. उशीर झाला की वरचा पापुद्रा तडकतो आणि मग ती फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की तवा बाजूला, भाकरी थेट जाळावर. टम्म फुगली की स्टीलच्या ताटात सपाट ठेवू नका, घाम धरते. जाळीवर ठेवा किंवा डब्याला उभी टेका.

आणि एक गैरसमज. भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅमला सत्तरच्या आसपास कर्बोदकंच असतात. माझा एक मित्र "भाकरीनं शुगर वाढत नाही" म्हणून रात्री चार खायचा आणि रिपोर्ट बघून चक्रावला. भाकरीत तंतू जास्त, ती चावावी लागते, आणि दीड खाल्ली की पोट भरल्याचं कळतं. मला तिचा उपयोग एवढाच, आणि तो पुष्कळ आहे. जेवायला बसल्यावर मी आधी काकडी-गाजर-मुळ्याची कोशिंबीर संपवतो, मग उसळ आणि भाजीबरोबर दीड भाकरी, भात आठवड्यातून दोनदा. उसळीत फिरून फिरून मटकी, मूग, हुलगे आणि कोरेगावकडचा वाघ्या घेवडा. सकाळी पोहेच, पण पोहे मूठभर कमी आणि त्यात मोडाची मटकी वाटीभर, कधी वर दोन उकडलेली अंडी. साठेक ग्रॅम प्रथिनं दिवसाकाठी पोटात जावीत असा अंदाज धरलाय. अंड्याचे सहा, मूठभर शेंगदाण्यांचे सात असे सुटे आकडे एकदा डोक्यात बसले की बाकी हिशोब चालता चालता होतो. तेल घरात महिन्याला किती येतं ते बघा आणि माणसांनी भागा. आमच्या आकड्याने बायको स्वतःच दचकली.

रात्रीच्या जेवणाचा तिढा दुकानदारांना सुटत नाही. नऊला शटर, साडेनऊला घर, दहाला जेवण, साडेदहाला आडवा. मी दुसरा डबा न्यायला लागलो. सव्वासातला काउंटरमागे भाकरी-भाजी उरकतो, घरी गेल्यावर वाटीभर मुगाचं कढण किंवा ताक. बायको सुरुवातीला रुसली, कारण एकत्र जेवण तेवढं एकच होतं. म्हणून सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा दोन्ही वेळा घरी, आणि त्या दिवशी वहीत लिहीत नाही. झोपेचं म्हणाल तर मोबाइल दुकानाच्या ड्रॉवरमध्येच ठेवून येतो. पहिला आठवडा हात चाळवले. कुरिअरवाल्यांना लँडलाइन दिलाय.

तपासणी घाईनं करू नका. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते, कारण ती साखर लाल पेशींना चिकटलेली असते आणि त्या साधारण चार महिने जगतात. दर आठवड्याला लॅबमध्ये पैसे घालण्यात अर्थ नाही. एप्रिलअखेर माझी ६.१ आली, वजन फक्त दोन किलो कमी. मी खट्टू झालो, डॉक्टर खूश होते. ऑगस्टमध्ये ५.८, वजन ७५, कंबर ९१. म्हणजे अजून उंबऱ्यावरच आहे, फक्त बाहेरच्या बाजूला.

साताऱ्यात राहून कंदी पेढा सोडणं मला जमलं नाही, आणि जमवायचंही नाही. रविवारी किल्ल्यावरून उतरलो की एक. पाव किलो घेऊन घरी जायचं नाही, तिथेच उभ्यानं एक खायचा आणि निघायचं. नातवाच्या बारशाला तीन खाल्ले, वहीत लिहिलेत.

पावसाचं राहिलं. जून ते सप्टेंबर साताऱ्यात पहाटे छत्री उलटते, चार भिंतीचा रस्ता निसरडा होतो. त्या दिवसांत मी आमच्या इमारतीचा जिना धरतो. बावीस पायऱ्यांचा एक मजला, तीन मजले, वर-खाली दहा फेऱ्या, उतरताना कठड्याला हात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्या आठवड्यात दार उघडून विचारलं, "काय हरवलंय का रे?" आता त्या दार उघडंच ठेवतात आणि आतून फेऱ्या मोजतात. काल मी आठव्याला थांबलो तर आवाज आला, "अजून दोन."